सुरांवर तोललेली भाषा



'आक्वा' हा एकच शब्द मी आतां चार वेळां उच्चारणार आहें. पहिल्यानें दोन्ही अक्षरें वरच्या सुरांत घेतों. याचा अर्थ रडणें. आतां पहिलें अक्षर वर आणि दुसरें खालीं. याचा अर्थ कापड. आतां पहिलें खालीं आणि दुसरें वर, म्हणजे अंडें. शेवटीं दोन्ही अक्षरें खालच्या सुरांत. म्हणजे निजावयाची खाट. व्यंजन बदललें नाहीं, स्वर बदलला नाहीं, ह्रस्वाचें दीर्घही झालें नाहीं. केवळ सूर बदलला, आणि रडण्याचें कापड झालें व अंड्याची खाट झाली. ही ज्या भाषेंतली गोष्ट तिचें नांव इग्बो. या भाषेच्या उच्चारांविषयीं आज आपणांशीं बोलावयाचें आहे. बोलतांना एक प्रश्न सतत मनांत ठेवूं : भाषेचा जो भाग अक्षरांत उतरत नाहीं, त्याचा सांभाळ कोणीं करावयाचा?

आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागांत नायजेरिया हा देश आहे. इंग्रजांच्या अंमलाखालून तो १९६० सालीं स्वतंत्र झाला. नायजर नदी या देशांतून दक्षिणेकडे वाहत जाऊन समुद्रास मिळते. तिच्या खालच्या टप्प्यांत, मुख्यतः पूर्वेच्या बाजूस व कांहींसा पश्चिमतीरावरही, इग्बो लोकांचा प्रदेश पसरला आहे. ओनिचा हें नदीकांठचें बाजारपेठेचें शहर. एनुगू, ओवेरी, उमुआहिया, न्सुका हीं आणखी कांहीं प्रसिद्ध गांवें. इग्बो बोलणाऱ्यांची संख्या अडीच ते तीन कोटींच्या आसपास मानतात. हौसा व योरुबा यांच्या बरोबरीनें नायजेरियांतील तीन मोठ्या भाषांत तिची गणना होते.

आतां प्रथम सुरांकडे वळूं. 'वरचा सूर' व 'खालचा सूर' हे शब्द ऐकून कोणास वाटेल कीं इग्बो मनुष्यास बोलण्यापूर्वीं गाणें शिकावें लागत असेल! तसें कांहीं नाहीं. आपल्याकडे गवई काळी एक पट्टींत गाईल, गायिका काळी पांचमध्यें गाईल. दोघांचा षड्ज निराळा, परंतु षड्जाहून पंचम वर ही गोष्ट दोघांनाही सारखीच. इग्बो बोलण्यांतही तेंच आहे. आजोबांचा वरचा सूर नातवाच्या खालच्या सुराहूनही खालचा असेल, पण आजोबांच्या आपल्या बोलण्यांत वर कोणता आणि खालीं कोणता, हें नातू बरोबर ओळखतो. उंची मोजावयाची ती शेजारच्या अक्षराशीं.

या दोन सुरांखेरीज आणखी एक पायरी आहे. वरच्या सुरानंतर येणारा सूर कधीं कधीं किंचित् उतरतो. तो खालचा होत नाहीं, पण पूर्वींइतका वरही राहत नाहीं. एकदां ही पायरी उतरली कीं पुढचे वरचे सूर त्या नव्या पायरीच्या वर जात नाहींत. विसांवा घेऊन नवें वाक्य आरंभावें तेव्हां पुन्हां पहिली उंची मिळते. त्यामुळें लांब इग्बो वाक्य जिना उतरत आल्यासारखें ऐकूं येतें.

मराठींतही सूर आहे, पण त्याचें काम निराळें आहे. 'तो बाजारांत गेला' हें वाक्य शेवटीं सूर खालीं ठेवून म्हटलें तर बातमी होते, आणि शेवटीं सूर चढविला तर प्रश्न होतो. येथें सूर साऱ्या वाक्याचा आहे. 'बाजार' शब्दाचा अर्थ त्यानें बदलत नाहीं. इग्बोंत सूर शब्दाचा आहे, जसा 'बाजार' शब्दांत ब आहे तसा. इतकेंच नव्हे, तर प्रश्न विचारण्याची तऱ्हाही आपल्या उलट आहे. 'तो' या अर्थाचें सर्वनाम वाक्याच्या आरंभीं येतें. तें वरच्या सुरांत म्हटलें तर 'तो येत आहे' असें विधान होतें. तेंच खालच्या सुरांत म्हटलें तर 'तो येत आहे काय?' असा प्रश्न होतो. आपण प्रश्नासाठीं शेवट वर नेतों, ते आरंभ खालीं आणतात. इग्बो मनुष्य मराठी ऐकूं लागला तर शेवटचें अक्षर चढलेलें ऐकून तो किती गोंधळून जात असेल याची कल्पना करावी.

सुरानें अर्थ बदलणें ही गोष्ट भारतीय कानाला अगदींच परकी नाहीं. पंजाबी व मणिपुरी या भाषांत आजही सूर अर्थभेद करतो. आणि वेदांतील उदात्त-अनुदात्तांची परंपरा तर आपणांस ठाऊकच आहे. पतंजलींनीं महाभाष्याच्या आरंभीं 'इंद्रशत्रु' या शब्दाचा दाखला दिला आहे. इंद्रास मारणारा पुत्र व्हावा अशी त्वष्ट्याची इच्छा. पण उच्चारांत स्वर भलत्या अक्षरावर पडला, आणि इंद्र ज्याचा मारणारा असा अर्थ होऊन वृत्र स्वतःच मारला गेला. आपल्याकडे हा स्वरविचार यज्ञशाळेपुरता आणि वेदपाठशाळेपुरता राहिला. इग्बो प्रदेशांत अंडीं विकणारी बाई आणि कापड विकणारा दुकानदार रोज बाजारांत तेंच काम बिनचूक करीत असतात, आणि त्यांत आपण कांहीं विशेष करतों असें त्यांस वाटत नाहीं.

शब्दाला सूर जन्मतःच चिकटलेला असल्यामुळें आणखी एक गोष्ट शक्य झाली आहे. इग्बो लोकांत 'ऑजा' नांवाची एक लहान लांकडी बासरी आहे. तींतून व्यंजनें निघत नाहींत, स्वरही निघत नाहींत. निघतो तो केवळ सूर. तरीही वाजविणारा तींतून माणसाला त्याच्या नांवानें, बिरुदानें हांक मारतो, आणि ज्याची हांक त्याला ती समजते. शब्दाचें सर्व मांस गेलें तरी सुरांचा सांगाडा ओळखूं येतो, म्हणून हें घडतें.

आतां स्वरांची व्यवस्था पाहूं. इग्बोंत आठ स्वर आहेत, आणि ते चार-चारांच्या दोन कुळांत वांटले आहेत. एका कुळांतील स्वर उच्चारतांना जिभेचें मूळ पुढें सरकतें व घशाची पोकळी रुंद होते. दुसऱ्या कुळांत जिभेचें मूळ मागें राहतें व घसा अरुंद होतो. सोयीसाठीं पहिल्या कुळाचे स्वर मी ई, ए, ओ, ऊ असे लिहितों, आणि दुसऱ्याचे इ, आ, ऑ, उ असे. येथें ई आणि इ यांतील भेद वेळेचा समजूं नये. दोन्ही सारखेच आंखूड आहेत. भेद घशाच्या ठेवणीचा आहे.

नियम असा कीं, एका साध्या शब्दांत एकाच कुळाचे स्वर राहतात. झाडाला 'ओसीसी' म्हणतात, पैशाला 'एगो'. हे पहिल्या कुळाचे शब्द. घराला 'उलॉ' म्हणतात, विस्तवाला 'ऑकु'. हे दुसऱ्या कुळाचे. ही शिस्त प्रत्ययांनाही पाळावी लागते. 'गा' म्हणजे जाणें आणि 'री' म्हणजे खाणें. धातूचें नाम करावयाचें तर आरंभीं एक स्वर लागतो. पण 'गा'ला लागतांना तो इ होतो आणि 'री'ला लागतांना ई होतो : इगा, ईरी. भूतकाळाचा प्रत्यय र-कारानें सुरू होतो, आणि त्याचा स्वर धातूच्या स्वराची नक्कल करतो. 'गा'चें 'गारा', 'री'चें 'रीरी', 'मे' म्हणजे करणें त्याचें 'मेरे', आणि 'सो' म्हणजे मागोमाग जाणें त्याचें 'सोरो'. तो, ती व तें या तिघांना इग्बोंत मिळून एकच सर्वनाम आहे. पण लिंगभेद न मानणारें हें सर्वनाम कुळभेद मात्र मानतें! 'गेला' म्हणतांना 'ऑ गारा', आणि 'खाल्लें' म्हणतांना 'ओ रीरी'.

दोन शब्दांचा समास झाला तर मात्र प्रत्येक घटक आपलें कूळ संभाळून राहतो. सुप्रसिद्ध कादंबरीकार चिनुआ अचेबे यांच्या नांवांतच याचें उदाहरण आहे. 'ची' म्हणजे मनुष्याची स्वतःची दैवत-शक्ति. तो घटक पहिल्या कुळाचा. त्याच्या पुढचे स्वर दुसऱ्या कुळाचे. पूर्ण नांव 'चीनुआलुमॉगु' असें असून देव माझ्या वतीनें लढो असा त्याचा अर्थ आहे. कोठें जोड आहे तें इग्बो कानाला घशाच्या ठेवणीवरूनच कळतें.

व्यंजनांत सर्वांत विशेष आहे तो भाषेच्या नांवांतलाच. 'इग्बो' हा शब्द आपण इग् आणि बो असा तोडून म्हणतों. पण तेथें ग् व ब् असे दोन वर्ण नाहींत, एकच आहे. घरीं करून पाहण्यासारखा हा प्रयोग आहे. ग म्हणण्यासाठीं जिभेची मागची बाजू टाळूला लावावी, ती न सोडतां त्याच वेळीं ब म्हणण्यासाठीं ओंठ मिटावे, आणि मग दोन्ही कुलुपें एकदम उघडावीं. जो ध्वनि निघेल तो इग्बोंतला. त्याचा अघोष भाऊ क आणि प यांच्या अशाच मिलाफानें होतो. ओवेरीच्या बाजूस हे ध्वनि उच्चारतांना वारा किंचित् आंत ओढला जातो. आपल्या शेजारीं सिंधी कुटुंब असेल तर त्यांच्या बोलण्यांतील एका ब-काराशीं या आंत ओढलेल्या ध्वनीचें साम्य आढळेल. इंग्रजांच्या तोंडीं हा ध्वनि बसला नाहीं. त्यांनीं ग टाकून दिला आणि 'ईबो' असें लिहिलें. पुढें कित्येक दशकें सरकारी कागदांत व पुस्तकांत त्या लोकांचें नांव त्यांच्या स्वतःच्या उच्चाराहून निराळें राहिलें. एका अक्षराची ही गोष्ट. पण तें अक्षर ज्यांच्या नांवांतून गळालें त्यांस ती लहान वाटली नसेल.

कांहीं व्यंजनें मात्र आपणांस जुन्या ओळखीचीं निघतील. वर्णमाला शिकवितांना दरवर्षीं कोणीतरी मूल मला विचारी, 'गुरुजी, ङ आणि ञ पासून एकही शब्द नाहीं, मग हीं अक्षरें कशाला?' या दोन अक्षरांना इग्बोंत भरपूर काम आहे. डोळ्याला 'आञा' म्हणतात, पिण्याला 'इङु'. 'ऑनु' म्हणजे तोंड आणि 'ऑङु' म्हणजे आनंद. न आणि ङ यांच्या फरकावर एवढें अंतर! मुलाला 'ङ्वा' म्हणतात, म्हणजे ङ-कार ओंठ गोल करून. 'आग़ा' म्हणजे युद्ध. त्यांतील ग़ उर्दू 'बाग़' शब्दांतल्यासारखा घशांत घासला जातो.

इग्बोंत जोडाक्षरांची गर्दी नसते, आणि शब्दाच्या शेवटीं पाय मोडलेलें व्यंजन राहत नाहीं. मात्र म् व न् हे स्वराच्या मदतीवांचून स्वतंत्र अक्षर होऊं शकतात, आणि स्वतःचा सूरही धारण करतात. पाण्याला 'म्मीरी' म्हणतात. त्यांत पहिला म् हें एक अक्षर, मी हें दुसरें, री हें तिसरें. आईला 'न्ने' व बापाला 'न्ना' म्हणतात, तेथेंही पहिला न् असाच आपल्या पायांवर उभा असतो.

आणखी एका गोष्टीनें मराठी श्रोत्यांस आश्चर्य वाटेल. ओवेरीच्या व तिच्या आसपासच्या बोलींत महाप्राण व्यंजनें आहेत. फ, थ, यांसारखीं अघोष तर आहेतच, पण भ-सारखीं सघोषही आहेत. भारताबाहेर सघोष महाप्राण क्वचितच आढळतात, आणि पाश्चात्य विद्यार्थ्यांना ते जड जातात. आपल्या घरांतलें पांच वर्षांचें मूल ते सहज उच्चारील.

हें सर्व कागदावर कसें उतरावयाचें हा प्रश्न १८५७ सालीं उभा राहिला. त्या वर्षीं सॅम्युएल क्राउथर हे नायजर नदीच्या मोहिमेबरोबर आले आणि ओनिचा येथें ख्रिस्ती मिशन स्थापन झालें. क्राउथर जन्मानें योरुबा. लहानपणीं गुलाम म्हणून विकले गेलेले व समुद्रावर सुटका झालेले. त्यांच्याबरोबरचे जॉन टेलर हे सिएरा लिओन येथें इग्बो आईबापांच्या पोटीं जन्मलेले. क्राउथर यांनीं त्याच वर्षीं इग्बोची पहिली लहानशी वाचनपुस्तिका छापली. जर्मन पंडित लेप्सियस यांनीं १८५५ सालीं सुचविलेली, रोमन अक्षरांना खुणा जोडण्याची पद्धति मिशनच्या लिखाणास आधार झाली.

पण कोणती इग्बो लिहावयाची? गांवागणिक बोली निराळी. आर्चडीकन डेनिस यांनीं ओनिचा, ओवेरी, उन्वाना, आरोचुक्वू व बॉनी या पांच ठिकाणच्या बोलींचें मिश्रण करून एक संयुक्त इग्बो बनविली, आणि तींत १९१३ सालीं बायबल प्रसिद्ध झालें. ती सर्वांची असावी हा हेतु. पण ती कोणाच्याच आईची भाषा नव्हती. अचेबे यांनीं १९९९ सालीं ओवेरी येथें इग्बोंतून दिलेल्या व्याख्यानांत या कृत्रिम भाषेवर कडक टीका केली. बोलीभेदानें काय होतें याचा एक मासला त्यांच्या १९५८ सालच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरींत आहे. गोऱ्या मिशनऱ्याचा दुभाषी परगांवचा इग्बो असतो. तो 'मी स्वतः' म्हणावयास जो शब्द वापरतो, त्याचा त्या गांवांत अर्थ 'माझें बूड' असा होतो, आणि धर्मोपदेश ऐकावयास जमलेले लोक हंसूं लागतात.

भाषेनंतर लिपीचा वाद आला. १९२९ सालीं नवीं अक्षरें असलेली एक लेखनपद्धति पुढें आली. कॅथॉलिक शाळांनीं नवी धरली, अँग्लिकन मिशननें जुनी सोडली नाहीं. सुमारें तीस वर्षें एकाच भाषेचीं मुलें दोन पद्धतींनीं लिहावयास शिकत राहिलीं. अखेर १९६१ सालीं डॉक्टर ऑन्वू यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें मधला मार्ग काढला. २८ व्यंजनें आणि ८ स्वर मिळून ३६ अक्षरांची वर्णमाला ठरली. घशाच्या दोन ठेवणी दाखवावयास स्वराखालीं टिंब देण्याची योजना झाली. हीच वर्णमाला आज चालू आहे.

मात्र दोन गोष्टी बाहेर राहिल्या. ओवेरीकडच्या महाप्राणांना वर्णमालेंत जागा मिळाली नाहीं. आणि सुरांच्या खुणा? लंडनच्या ध्वनिशास्त्रज्ञ आयडा वॉर्ड यांनीं १९३६ सालच्या आपल्या पुस्तकांत इग्बो सुरांची पद्धतशीर मांडणी केली होती. खुणा उपलब्ध आहेत. कोशांत व व्याकरणांत त्या देतातही. परंतु रोजच्या छापील मजकुरांत बहुधा त्या गाळतात. कागदावर चारही 'आक्वा' एकसारखेच दिसतात. ज्याचें बालपण त्या भाषेंत गेलें त्याला मागचे-पुढचे शब्द पाहून बरोबर सूर लागतो. पण इग्बो कुटुंबें आतां लागोसला आहेत, लंडनला आहेत, अमेरिकेंत आहेत. तेथें वाढणाऱ्या मुलाच्या घरांत इंग्रजीच चालली आणि आजोळची भाषा त्यानें पुस्तकांतूनच शिकावयाची ठरविली, तर त्याला व्यंजनें मिळतील, स्वर मिळतील, टिंबेंही मिळतील. सूर मात्र त्या पानावर नाहीं. आणि सुराशिवाय त्याच्या आजीला त्याचा शब्द कळणार नाहीं.

आपणांस हें दूरचें वाटूं नये. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि जरा म्हणजे वार्धक्य, या दोन शब्दांत ज निराळा आहे. लिहितांना आपण तो एकच लिहितों. कोणत्या ठिकाणीं कोणता, हें आपणांस कोणत्या पुस्तकानें शिकविलें? तें घरांत, ओट्यावर, जेवणाच्या पंक्तींत ऐकून आलें. परदेशीं स्थायिक झालेल्या मराठी घरांतून मुलांसाठीं पुस्तकें हौसेनें मागवितात, तें चांगलेंच आहे. त्या पुस्तकांत हा ज सांपडणार नाहीं, एवढें मात्र त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाला माझें उत्तर साधें आहे. अक्षरांत जें मावतें त्याचा सांभाळ शाळा, समित्या व छापखाने करतील. अक्षरांत जें मावत नाहीं तें मोठ्यांनीं मुलांशीं बोलूनच टिकवावयाचें असतें. दुसरा उपाय इग्बोलाही नाहीं आणि मराठीलाही नाहीं. आणि आपल्या शहरांत शिकावयास आलेला एकादा इग्बो विद्यार्थी कधीं भेटला, तर त्याच्या भाषेचें नांव ओंठ आणि जिभेचें मूळ एकदम उघडून म्हणावें. त्याचें नांव विचारावें, तें त्याच्या सुरांत ऐकावें, आणि मग त्याच सुरांत त्याला हांक मारावी.